पुंजारामची हजेरी

१

वडीगोद्रीच्या पुढं हायवेला लागून निळ्या पत्र्यांची एक जिनिंग आहे, कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. तिथं मालकालाही हजेरी लावावी लागते. हा नियम पुंजारामचा. "मजुरानं अंगठा द्यायचा अन् मालकानं न्हाई, मंग मजुराला उशीर झाला तर आपन कोन्या तोंडानं बोलनार," असं तो म्हणायचा. ऑफिसच्या दाराशी थंब मशीन बसवलं तेव्हा पुंजारामचा नंबर एक लागला, त्याचा चुलत भाऊ अंगदचा दोन, वॉचमन कडूबाचा तीन, आणि पुढं सीझनचे मजूर.

पुंजाराम जाऊन तीन वर्षं झाली होती. अंगदनं त्याचं बरंच काही मोडून खाल्लं, पण ही सवय तेवढी मोडली नाही. सकाळी नऊला गाडी लावायची, चप्पल दाराबाहेर काढायची, डावा अंगठा काचेवर टेकवायचा आणि मशीनमधली बाई "थँक यू" म्हणाली की आत जायचं. खोटारड्या माणसालाही कुठंतरी नेम पाळल्याचं समाधान लागतंच.

जूनचा दुसरा आठवडा होता. सीझन कधीच संपला होता. कापूस नाही, गाडी नाही, यार्डात नुसतं ऊन. जिनच्या मशिनींवर ताडपत्र्या टाकल्या होत्या आणि गोदाम झाडून कुलूप लावलं होतं. अंगदनं अंगठा लावला. बाई "थँक यू" म्हणाली. छोट्या हिरव्या पडद्यावर अक्षरं आली: ००१ पुंजाराम.

अंगदनं अंगठा पँटीला पुसला आणि परत लावला. थँक यू. ००१ पुंजाराम. उजवा लावला तर बाई म्हणाली, "प्लीज ट्राय अगेन." डावा लावला की पुन्हा एक नंबर.

त्याला पहिल्यांदा हसू आलं. बेचाळीस डिग्रीत माणसाचं डोकं फिरतं, तर मशिनीचं का फिरणार नाही? लाइट दिवसातून दहा वेळा जाते, आतली नावं इकडची तिकडं झाली असतील. मेलेल्या माणसाचं नाव आपणच काढून टाकलं नाही, ही आपली चूक. एवढा हिशेब त्यानं उभ्या उभ्या करून टाकला आणि आत जाता जाता सहज अंगठ्याकडं पाहिलं. अंगठ्याच्या पोटावर एक बारीक तिरपी रेघ होती, जुन्या जखमेसारखी. दाबून पाहिली तर दुखत नव्हती. पत्र्यानं कापलं असेल, असं तो स्वतःला म्हणाला आणि पंखा लावून बसला.

२

आता या अंगठ्याचं काय प्रकरण होतं ते सांगायला हवं.

जिनिंगची कंपनी होती, प्रायव्हेट लिमिटेड. जमीन पुंजारामची, धावपळ अंगदची. चाळीस टक्के शेअर पुंजारामचे होते. पुंजाराम तिसरीतून उठलेला माणूस. सही यायची त्याला, पण कंपनीच्या कागदावर तो अंगठाच द्यायचा. म्हणायचा, "सही कोनीबी मारतं. अंगठा कोनाला मारता येत न्हाई." तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये पोटाच्या आजारानं तो गेला. शेअर त्याच्या बायकोकडं, द्वारकाबाईकडं आणि मुलीकडं, शालूकडं जायचे होते. अंगदला ते पटलं नाही. बायामाणसांना जिनिंगमधलं काय कळतं, असं तो चारचौघांत म्हणायचा. मनात मात्र एवढंच होतं की इतकी वर्षं राबलो मी, आणि वाटा त्यांना.

कंपनीच्या सभेचं एक रजिस्टर होतं. त्यात दोन एप्रिल आणि पंधरा एप्रिल यांच्यामध्ये एक पान कोरं राहिलं होतं. अंगदनं त्या पानावर नऊ एप्रिलची सभा भरवली. सकाळी अकरा वाजता पुंजाराम स्वतः हजर, आणि त्यानं राजीखुशीनं सगळे शेअर अंगदला दिले, असं लिहिलं. तारीख बरोबर निवडली होती. पुंजारामला जालन्याच्या दवाखान्यात नेलं ते नऊ तारखेला दुपारी, आणि बारा तारखेला तो गेला. नऊची सकाळ मोकळी होती. सभेखाली अंगठा पाहिजे होता. अंगदनं शाईच्या डबीत स्वतःचा डावा अंगठा बुडवला आणि उमटवला. परक्याचा घेतला असता तर तो माणूस पुढं बोलला असता.

द्वारकाबाई कोर्टात गेली. कंपन्यांचे वाद चालतात ते मुंबईच्या न्यायाधिकरणात, पण गावाकडं त्याला कोर्टच म्हणतात. कोर्टानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत जिनिंगमधली एक वस्तू हलवायची नाही. अंगदनं दुसऱ्याच महिन्यात गाठी बांधायचं प्रेस विकून टाकलं. मग अवमानाचा अर्ज आला, खोटे कागद केल्याचा अर्ज आला आणि अंगदला प्रतिज्ञापत्र द्यायची पाळी आली.

जुना जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांच्या वर राजानंद वकिलांचं ऑफिस आहे. वकील भला माणूस. टायपिंग थांबवून त्यांनी विचारलं, "अंगदराव, पुंजाराम त्या दिवशी खरंच आल्ते ना? मला तिथं उभं राहून बोलायचंय."

"आल्ते म्हंजे काय वकीलसाहेब. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, च्या घेतला."

इथंच थांबला असता तरी चाललं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला फोडणी दिल्याशिवाय चैन पडत नाही. अंगदनं सांगितलं की दादांनी पांढरा शर्ट घातला होता. सवयीप्रमाणं कापसाचा पुंजका हातात घेऊन धागा ओढून पाहत होते. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, अंगद, घरी जीव लागत न्हाई, मी रोज हितं येऊन बसत जाईन, बाकी तू पाह्य.

वकिलांनी ते सगळं नवव्या परिच्छेदात घातलं. नोटरीचा शिक्का बसला. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, असं अंगदनं शपथेवर सांगितलं आणि खाली उतरून उसाचा रस प्याला. रस फार गोड लागला, असं त्यानं घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं.

३

त्या दिवशी अकराला कडूबानं चहा आणला. दोन कप.

"दोन काहून?"

"मशिनीत एक नंबर लागलाय, मालक. तुम्ही तर हाव समोर. मंग दोन झाले."

हीसुद्धा पुंजारामनंच लावलेली रीत. कडूबाला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. स्वतःचा सोडून मशीनवर जेवढे नंबर लागले तेवढे कप मांडायचे, म्हणजे कोणी चहावाचून राहत नाही. कडूबानं एक कप अंगदपुढं ठेवला, दुसरा खिडकीजवळच्या खुर्चीसमोर टेबलाच्या काचेवर ठेवला आणि निघून गेला. तो काही चेष्टा करत नव्हता. चेष्टा त्याच्या स्वभावातच नव्हती.

अंगदनं दुपारपर्यंत त्या कपाकडं पाहिलं नाही. उठताना पाहिलं. चहा तसाच होता, वर साय धरलेली. कपाशेजारी काचेवर कापसाचे तीन धागे ठेवलेले होते. कापूस पारखणारा माणूस पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढतो, आणि उरलेले लांब तंतू काळ्या जागेवर सरळ ठेवून लांबी बघतो. तसे ते होते, एकाशेजारी एक, सारख्या लांबीचे.

जूनमध्ये कापूस कुठून येणार? अंगदनं गोदाम उघडून पाहिलं. झाडलेलं होतं. वाऱ्यानं उडून आले असतील, पत्र्याच्या सांदीत काय काय अडकून राहतं. पण वारा धागे ओळीत मांडून ठेवत नाही, हे त्यालाही कळत होतं. त्यानं फुंकर मारून ते उडवले आणि त्या दिवशी लवकर घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मशीननं तेच नाव दाखवलं, काचेवर चार धागे. तिसऱ्या दिवशी त्यानं मशीनच्या मेनूत जाऊन एक नंबर कायमचा पुसून टाकला. खात्री व्हावी म्हणून लगेच अंगठा लावला.

"थँक यू," बाई म्हणाली. ००१ पुंजाराम.

४

सोमवारी ऑनलाइन तारीख होती. डोळ्यांवर ऊन नको म्हणून अंगद लॅपटॉप घेऊन ऑफिसात खिडकीकडं पाठ करून बसला. पडद्यावर चौकोन होते. एकात मुंबईचं बेंच, त्यावर चष्म्याच्या बाई. एकात राजानंद वकील, त्यांच्या ऑफिसातून. एकात द्वारकाबाई आणि शालू, घनसावंगीच्या घरातून, मोबाइल तांब्याला टेकवून ठेवलेला. आणि कोपऱ्यातल्या लहान चौकोनात अंगद स्वतः. त्याच्या मागं खिडकी आणि खिडकीजवळची खुर्ची.

बेंचवरच्या बाईंनी कागद बाजूला केले. "प्रतिवादी, तुमच्या खोलीत दुसरं कोण आहे?"

"कोणी नाही मॅडम."

"तुमच्या मागं, खिडकीजवळ. त्यांना बाहेर जायला सांगा."

अंगदनं मान वळवली. खुर्ची रिकामी होती. "मॅडम, खरंच कोणी नाही."

"अंगदराव," वकील हळूच म्हणाले, "असतील कोनी तर उठवा. चालत न्हाई त्यांना."

अंगद परत पडद्याकडं वळला आणि पहिल्यांदा त्यानं स्वतःचा चौकोन नीट पाहिला. खिडकीतून ऊन येत होतं, सगळं पांढरं पडलं होतं. माणूस म्हणावं असं काही दिसत नव्हतं. पण त्या खुर्चीच्या पाठीला तीन उभ्या पट्ट्या होत्या, आणि उन्हासमोर त्या काळ्या दिसायला हव्या होत्या. त्या दिसत नव्हत्या. पट्ट्यांच्या पुढं काहीतरी होतं.

द्वारकाबाई मोबाइलजवळ वाकली. तिचं तोंड पडद्यावर मोठं झालं. तिनं हळूच डोक्यावरून पदर घेतला आणि मागं सरकून बसली, घरातलं मोठं माणूस आल्यावर बाई बसते तशी. शालू तिला काहीतरी विचारत होती, आवाज बंद होता.

बेंचवरच्या बाईंनी कारकुनाला सांगून टाकलं की खोलीत दिसणारी व्यक्ती प्रतिवादी नाकारतो, याची नोंद घ्या. मग आदेश झाला. रजिस्टरवरचा अंगठा आणि अंबडला पुंजारामनं खरेदीखतावर दिलेला जुना अंगठा तज्ज्ञाकडं जातील. अहवाल बंद पाकिटात येईल. पाकीट फोडण्याआधी प्रतिवादीला एक संधी मिळेल. खरं सांगितलं तर दंडावर भागेल. पाकिटातून खोटं निघालं तर खोट्या शपथेचा खटला होईल, आणि तुरुंग.

पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत आपल्यामागं काय दिसतं ते पाहायचं नाही म्हणून अंगदनं डोळे मिटून लॅपटॉप बंद केला. पन्नाशीच्या माणसानं भर उन्हात असं घाबरावं याची त्याला लाज वाटली, आणि तरी तो मागं न पाहताच बाहेर पडला.

५

गुरुवारी तो घनसावंगीला गेला. वैनीला चार गोष्टी सांगाव्यात, केस मागं घ्यायला लावावी, हा बेत होता.

द्वारकाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"वैनी, कोर्टकचेरीत दोघांचंबी वाटोळं होऊन राह्यलं. पंधरा टक्के देतो. मिटवून टाकू."

"मला जिनिंग नको, भावजी."

"मंग काय पाह्यजे?"

"एकदा म्हना कोर्टात, की ते त्या दिवशी आल्ते न्हाईत. बस. मंग सगळी जिनिंग तुम्हीच ठेवा."

असं म्हटलं तर अंगठा खोटा ठरत होता आणि सगळंच हातचं जात होतं. ते तिला कळत नव्हतं, किंवा कळत असूनही ती त्याला किंमत देत नव्हती.

"त्या दिवशी सकाळी ह्या बाजेवर होते ते," द्वारकाबाई म्हणाली. "मी त्यांचा डावा हात धरून बसल्ते. अकराला पानी मागितलं. दोन घोट घेतले. माझ्याकडं पाहून राह्यले. सव्वाअकराला हाताची पकड सुटली अन् शुद्ध गेली. मंग शेजाऱ्याची गाडी करून जालन्याला नेलं. शुद्ध काही आली न्हाई परत. तेवढी पंधरा मिनिटंच होती माझी."

"हाव, वैनी."

"तुमचा कागद कोर्टात वाचला, तव्हापासून ते पुसट व्हायलंय. हात ध्यानात हाय. तोंड न्हाई. लई जोर लावते, तोंड येतच न्हाई डोळ्यापुढं." तिनं बाजेकडं पाहिलं. रडत नव्हती. "त्या टायमाला ते तुमच्याकडं बसल्ते, असं तुम्ही शपथेवर सांगितलं. मंग माझ्यापाशी कोन होतं?"

अंगदला तिची दया आली. खोटं कशाला सांगायचं, आली. त्यानं तांब्या उचलून पाणी घटाघटा प्यायलं. तेव्हा द्वारकाबाईची नजर त्याच्या हातावर होती. ती एकटक पाहत राहिली. अंगदनं तांब्या खाली ठेवला आणि हात खिशात घातला.

ती दया वडीगोद्रीच्या फाट्यापर्यंत टिकली.

६

ऑफिसात आल्यावर त्यानं शाईची डबी काढली. कोऱ्या कागदावर डावा अंगठा उमटवला. फाइलमध्ये खरेदीखताची झेरॉक्स होती, तिच्यावर पुंजारामचा अंगठा. जिनच्या रोलरनं पूर्वी एकदा त्याचा अंगठा फाडला होता, म्हणून ठशावर तिरपी पांढरी रेघ होती.

दोन्ही ठसे शेजारी ठेवले. रेघ तीच होती. रेषांचा भोवरा तोच, वरच्या बाजूचा फाटाही तोच.

त्यानं मोबाइल काढला. रजिस्टर कोर्टात जमा करण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवला होता. फोटो मोठा केला. तीन वर्षांपूर्वी स्वतः उमटवलेल्या ठशावर, फोटोत, तिरपी रेघ होती.

हे कसं झालं, हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. पुढच्या बाकावर दुसराच विचार होता. पाकिटातून आता खोटं निघणार नाही. लोकांना भीतीनं देव आठवतो, अंगदला फायदा आठवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो आपल्या खुर्चीत आरामात रेलला. समोर काचेवर सहा धागे होते, त्यांच्याकडं पाहून तो चक्क म्हणाला, "बसा दादा, बसा."

ऑगस्टमध्ये मुंबईला समक्ष हजर राहायचं होतं. बंद पाकीट टेबलावर होतं. बेंचवरच्या बाई म्हणाल्या, ही शेवटची संधी. द्वारकाबाई पलीकडच्या बाकावर शालूशेजारी बसली होती. ती अंगदच्या तोंडाकडं पाहत नव्हती, हाताकडं पाहत होती. एक वाक्य होतं. आले नव्हते. तेवढं म्हटलं असतं तर त्या बाईला तिची पंधरा मिनिटं परत मिळाली असती. अंगदला हे पुरतं माहीत होतं. न कळून केलेलं पाप नव्हतं ते.

"पुंजारामदादा आले होते," तो म्हणाला. "अंगठा त्यांचाच आहे."

पाकीट फोडलं. अंगठा पुंजारामचाच निघाला.

मग सगळं भराभर झालं. नऊ एप्रिलची सभा खरी ठरली. प्रतिज्ञापत्राचा नववा परिच्छेद शब्दाशब्दासकट मान्य झाला. प्रेस विकून आदेश मोडल्याबद्दल अंगदला दंड आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहण्याची शिक्षा. आणि द्वारकाबाईनं शपथेवर खोटं सांगितलं, कोर्टाचा वेळ घेतला, म्हणून तिलाही दंड आणि कडक शब्दांत ताकीद. ती उभी राहून सगळं ऐकत होती. शालू रडायला लागली. द्वारकाबाईनं तिला धरून बाहेर नेलं.

अंगद कोर्ट उठेपर्यंत मागच्या बाकावर बसला. शिक्षा म्हणजे काय, पंख्याखाली पाच तास. मनातून तो खूश होता. तीनच्या सुमारास शिपाई त्याच्याजवळ आला, आणखी दोघांना बसवायचं होतं.

"जरा सरका," शिपाई म्हणाला, "आणि तुमच्या सोबतच्यांनाही सरकायला सांगा."

अंगदनं शेजारी पाहिलं नाही. तो सरकला. बाक थोडा करकरला, मग पुन्हा एकदा करकरला.

७

पुढच्या सोमवारी द्वारकाबाई जिनिंगवर आली. पावणेअकराची वेळ. फाट्यावर बसमधून उतरून उन्हात चालत आली होती. हातात कापडात बांधलेला डबा. चपला दाराबाहेर काढून ती आत आली आणि खिडकीजवळच्या खुर्चीसमोर, टेबलाच्या या बाजूला, अंगदशेजारच्या स्टुलावर बसली.

"वैनी, आता काय राह्यलं?"

"डबा आनलाय."

"कोनाला?"

"कोर्टानं सांगितलं ना, ते रोज हितं येऊन बसतात. घरी जीव लागत न्हाई त्यांचा." तिनं डोक्यावरून पदर घेतला, डबा सोडला, भाकरी आणि ठेचा खुर्चीसमोर काचेवर ठेवला. "जेवा," ती खुर्चीकडं पाहून म्हणाली.

अंगदला संताप आला. तिला उठवावं, बाहेर काढावं, असं फार वाटलं. पण त्याला त्या खुर्चीकडं पाहायचं नव्हतं, आणि तिला उठवायचं तर तिकडं वळावं लागणार होतं.

"भावजी, हात दाखवा."

"कशाला?"

तिनं टेबलावरचा त्याचा डावा हात घेतला, उलटा केला, अंगठ्याच्या पोटावरून बोट फिरवलं. तिरप्या रेघेशी आल्यावर बोट थांबलं.

"हाच," ती म्हणाली. "हाच हात होता माझ्याकडं."

तिनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. अंगदनं ओढायला पाहिलं. हातात जोर नव्हता. बाईच्या पकडीतून हात सुटू नये, म्हणजे काय? त्यानं दुसरा हात टेबलाला लावून उठायचं ठरवलं, आणि पाय उठले नाहीत. सकाळी नाश्ता नीट केला नव्हता, ऊन लागलं असेल, साखर उतरली असेल. कारणं होती, भराभर सुचतही होती. घसा एकदम कोरडा पडला.

"पानी," तो म्हणाला. असं म्हणायचं त्याच्या मनात नव्हतं.

द्वारकाबाईनं पिशवीतली बाटली काढून त्याच्या तोंडाला लावली. त्यानं दोन घोट घेतले. तिसरा गेला नाही.

"त्या दिवशीबी अकरालाच मागितल्तं," ती म्हणाली.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. अकरा वाजून चार मिनिटं. कडूबा चहा घेऊन दारात आला. दोन कप होते. एक त्यानं खुर्चीसमोर ठेवला, एक द्वारकाबाईसमोर. अंगदसमोर काही ठेवलं नाही. कडूबाचा सोडून मशीनमध्ये एकच नंबर लागला होता, आणि बाई तर समोर दिसत होती.

"कडूबा," अंगद म्हणाला. आवाज फुटला नसावा. कडूबा निघून गेला.

काचेवर काहीतरी हलत होतं. अंगदनं मान न वळवता पाहिलं. भाकरीचा एक तुकडा मोडलेला होता. शेजारी सात धागे होते, आणि आठवा हळूहळू सरळ होत होता.

तेव्हा तो बोलला. उशिरा का होईना बोलला, एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं. "वैनी, ते आल्ते न्हाईत. मी खोटं बोललो. अंगठा माझा होता." ओठ तरी हलले. शब्द तिच्यापर्यंत पोचले असावेत, कारण तिनं मान डोलावली.

"आता म्हनून काय व्हतं, भावजी. निकाल लागला."

मागून त्याच्या उजव्या खांद्यावर एक हात येऊन टेकला. जड नव्हता. ओळखीच्या माणसानं ठेवावा तसा तो होता, आणि कानाशी कोणीतरी बोललं, शांतपणे, रोजचं काम सोपवावं तसं. "बाकी तू पाह्य." हे वाक्य पुंजाराम आयुष्यात कधीच म्हणाला नव्हता. जुना जालन्यात वकिलाच्या टेबलासमोर बसून अंगदनंच ते रचलं होतं.

द्वारकाबाई अंगदच्या तोंडाकडं पाहत होती. पहिल्यांदाच पाहत होती, इतक्या महिन्यांत. तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या, आणि डोळे भरून आले.

"तोंड ध्यानात यायलं आता," ती म्हणाली.

घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती, सव्वाअकराला तीन कमी. तिनं त्याचा हात आणखी घट्ट धरला.